वाघ्याच्या नाकावरचं पीस

वारूळवाडी, बुधवार, माघ २००१

आज आमच्या वाघ्या कुत्र्यानं सासूबाईंची लाडकी कोंबडी मारली. ती फडफडत पळाली म्हणून हा मागं लागला. एरवी वर्षभर एकाच अंगणात होती की दोघं. सासूबाई म्हणाल्या, "रक्ताची चटक लागली त्याला. उद्या आळेफाट्याला सोडून या." नाकाला पीस चिकटलेलं, आणि हा माझ्याकडं बघून शेपूट हलवतोय.

संध्याकाळी त्याच कोंबडीचा रस्सा झाला. सासूबाईंनी तंगडी मागून घेतली. मग चटक नक्की कुणाला? विचारलंच मी.

"लई बोलाय लागलीस," म्हणाल्या.

बोलणारच. माझ्या वाटणीचे तुकडे वाघ्याला घातले, नाकावरचं पीस काढलं. साखळी माझ्या खाटेला बांधलीय. न्यायचा तर मला खाटेसकट न्यावं लागेल.