हजेरीपटावरच्या दोन बहिणी

मी, सेनाइदा लास्कानो रिओस, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार सान इसिद्रो येतला, वाहाका प्रांत, मेक्सिको, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. माझी मात्र तेवढी खात्री नाही. का, ते पुढे येईलच.

१. शिवणयंत्र आणि मका वाटायचा पाटा माझा भाचा रोखेलियो याला. त्याला दोन्हींचा उपयोग नाही, पण काहीच दिलं नाही तर तो वर्षभर तोंड फुगवून बसेल.

२. उत्कृष्ट हजेरीपटाबद्दल निरीक्षकसाहेबांनी दिलेलं प्रमाणपत्र कोणालाही देत नाही. भिंतीवरून काढून चुलीत घालावं. कारण सांगते.

नियमित शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरी दर मुलामागे सरकारी मदत यायची. हजेरी मी लावायची. तिसरीत ब्रिहिदा आणि आम्पारो या सख्ख्या बहिणी होत्या, एका वर्षाच्या अंतराने जन्मलेल्या. दोघीही महिन्यातून निम्मे दिवस गैरहजर. आम्पारो आजारी आहे असं आईने चिठ्ठीत लिहून दिलं, म्हणून तिचे दिवस मी माफ केले. ब्रिहिदासाठी चिठ्ठी आली नाही. तिच्या नावापुढे मी लाल फुल्या मारल्या. खोटं लिहायचं नाही, हा माझा बाणा.

तिची मदत थांबली. बाप म्हणाला, आता एकीलाच पाठवतो. त्यानंतर आम्पारोने एक दिवसही शाळा चुकवली नाही. पुढे ती पहिली आली. आज पुएब्ला शहरात औषधांच्या दुकानात मोठ्या हुद्द्यावर आहे. भाषणात निरीक्षक तिचंच उदाहरण द्यायचे: मदत मिळाली की मूल शिकतं. मीही टाळ्या वाजवल्या.

तीन वर्षांपूर्वी माझा गुडघा मोडला. दोन वेळचं जेवण घेऊन ब्रिहिदा यायची. तिची कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. एकदा माझ्या पायातले बूट काढताना सहज म्हणाली, "बाई, आम्हा दोघींत एकच जोड होता. एक दिवस ती, एक दिवस मी."

मदतीचे पैसे त्या वर्षी आईच्या बाळंतपणात गेले होते. आणि अनवाणी मुलांना वर्गात घ्यायचं नाही, हा नियम माझाच होता.

मी विचारलं, "मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही फुली मारलीत."

तेव्हापासून माझा गोंधळ मिटत नाही. आम्पारो मदतीमुळे शिकली, की बहीण घरी बसली आणि बूट तिचे एकटीचे झाले म्हणून? मी दोघींच्या खोट्या हजेऱ्या लावल्या असत्या, तर दोघी शिकल्या असत्या, की दोघी अर्धवट राहिल्या असत्या? बहिणीची मदत माझ्या फुल्यांमुळे थांबली, हे आम्पारोला माहीत नाही. फोनवर म्हणते, "बाई, त्या पैशांनीच मी घडले." मी हो म्हणते. मी आणखी कोणाकोणापुढे फुल्या मारल्या, त्यांच्या घरी काय चाललं होतं, तेही मला ठाऊक नाही.

३. बँकेतली शिल्लक. आधी लिहिलं होतं, सर्वांत जास्त हजेरीच्या मुलीला शिष्यवृत्ती. ते खोडलं. मग लिहिलं, सर्वांना बूट. तेही खोडलं, आता कदाचित बूट असतील आणि बसभाडं नसेल. मला कळत नाही. म्हणून ती रक्कम गावातल्या मातांच्या समितीला देते. शाळेत न आलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी आधी कोणीतरी जावं, बसावं, विचारावं, खर्च त्यानंतर.

४. राहतं घर, परसातल्या लिंबाच्या झाडासह, ब्रिहिदाला. ही भरपाई नाही. भरपाई कशाची करायची तेच मला नीट ठरवता आलेलं नाही. तिला सांगितलं, तेव्हा शेंगा सोलत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "अट काय आहे, बाई?"

मी म्हटलं, काहीच नाही.

तिने हातातली शेंग सोलून टोपलीत टाकली. मग म्हणाली, "तसं लिहा. नाहीतर मागाहून कोणीतरी तपासायला येईल."

म्हणून लिहिते: कोणतीही अट नाही.

साक्षीदार: फेलिसितास ओरोपेसा, शेजारीण, आणि फाउस्तिनो बार्रागान, टपाल कर्मचारी. ब्रिहिदा बाहेर ओट्यावर बसली आहे. जिला घर मिळतं तिला साक्षीदार होता येत नाही.

सही: सेनाइदा लास्कानो रिओस
सान इसिद्रो येतला, १४ मार्च २०१९