आईच्या खोलीसाठी घेतलेला हीट पंप

१४ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आम्ही दोघी मजेत आहोत. आईचा खोकला नेहमीचाच, काळजी करू नकोस. आणि हो, घरात अखेर खोली गरम करणारा हीट पंप बसला!

आता तुझ्या बहिणीचा शहाणपणा ऐक. तो बसवायला माणसं यायची त्याच दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. आईला बजावलं, "तुझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर बसवून घे." ती लगेच "बरं" म्हणाली. आई आणि लगेच बरं! तिथेच मला संशय यायला हवा होता.

संध्याकाळी आले तर तिची भिंत कोरी आणि उजेड तुझ्या खोलीत. तू गेल्यापासून बंद असलेल्या खोलीत! भिंतीला आरपार भोक, बाहेर पंखा घरघरतोय, आत गरम वारा आणि आई तुझ्या गादीवर धुतलेली चादर घालतेय. मी दारातूनच ओरडले.

"अगं, हे काय केलंस?"

"जाताना तो काय म्हणाला होता? या बर्फाच्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. आता आहे का बर्फ?"

दादा, तुझं भांडण बाबांशी होतं, खोलीत हीटर नसल्याचं नुसतं निमित्त, हे तिला कोण सांगणार? बाबा जाऊनही वर्ष झालं.

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या आईच म्हणाल्या, मुलाच्या खोलीत बसवा. आता हलवायचं तर भोक, नळ्या, सगळं नव्यानं. आणि एका खोलीतलं दुसऱ्या खोलीला पुरत नाही."

तरी मी दार उघडं ठेवते, थोडी ऊब तिच्यापर्यंत जाईल म्हणून. ती उठून लावून घेते. "त्याची खोली गार पडेल." तिच्या खोलीत छोटा हीटर ठेवला तर तिचा खोकला वाढतो. तिला तुझ्या खोलीत झोप म्हटलं तर, "ती त्याची जागा आहे." आईचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

वर खोकल्याचं लिहिलं ते खोटं. तिच्या फुप्फुसात पाणी झालंय. गार खोलीत झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं म्हणूनच हे यंत्र घेतलं. आज सकाळी चहा देताना तिचे ओठ निळसर दिसले. दवाखान्यात नेऊन आणलं, तर परत येऊन त्याच गार खोलीत पडली. मी फार घाबरलेय रे.

बाबांना माफ करू नकोस. माझ्याशी बोलूही नकोस. फक्त ये आणि तुझ्या हाताने तिला तुझ्या गादीवर झोपव. माझं ती ऐकत नाही.

तुझी खोली गरम आहे.

आईच्या गार खोलीतून,
तुझी धाकटी