खोपटाला आतून कडी

१७ नोव्हेंबर १९५३

आज पुन्हा खुरप्यावरून! वहिनी न्हाणीघरात गेली तर खुरपं पायाखाली. लागलं नाही, पण ओरडली अशी की शेजारचे विष्णुपंत कुंपणापाशी धावत आले. "वन्सं, घर आहे हे, शेत नाही!" — खरंच आहे तिचं. झारी न्हाणीघरात, कातर माझ्या वळकटीत, फावडं मागच्या बोळात कोळशाच्या पोत्यांवर. पण मी तरी ठेवू कुठे? दादाच्या घरात माझं म्हणावं असं एक ट्रंक आणि हे अंगण. अंगणही दादाचंच. पण माती मी उकरली, मोगरा मी लावला, म्हणून मी आपलं माझं म्हणते. मनातल्या मनात.

जेवताना दादाला म्हटलं, अवजारांसाठी एक लहानसं खोपट बांधू या का परसात? त्यानं मान हलवली. हो की नाही, देव जाणे.

१९ नोव्हेंबर

हो होतं!

२२ नोव्हेंबर, रविवार

दादाबरोबर टांग्यातून निर्वासितांच्या कॅम्पात गेले, पत्रे बघायला. बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकेक बिऱ्हाड, आणि पुढं उघड्यावर दुकान. सिंध्यानं पत्र्यावर हात आपटून दाखवला — "अदी, लोहा है! आपके पोते देखेंगे!" अदी म्हणजे ताई म्हणे. आणि नातवंडं! दादा उगाच दुसरीकडे बघू लागला. अठ्ठाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेल्या बहिणीला बाजारात आणलं की असं होतं. मला हसू आलं खरं तर.

"क्या रखना है अंदर?" म्हणाला. बगीचे का सामान, म्हटलं. त्यानं पत्रा खाली ठेवला. "हमारा भी था बगीचा, शिकारपुर में. अनार थे."

"और कुदाल-फावडा?"

"सब उधर ही."

पत्रे फक्त छपरापुरतेच घेतले. सगळंच पत्र्याचं केलं तर मे महिन्यात आत पापड भाजतील, असं दादाचं म्हणणं. दाराला बिजागऱ्या घेतल्या आणि कड्या दोन. दादाला वाटलं, एक हरवली तर असू दे म्हणून.

६ डिसेंबर

दादाच्या कारखान्यातून खोक्यांच्या फळ्या आल्यात. विलायती यंत्रं ज्यातून आली तीच खोकी. दादा खूश — फुकट आणि मजबूत! एकावर एक रचून ठेवल्या आहेत.

२० डिसेंबर

फळ्यांना वाळवी. दादा आठवडाभर बोलणार नाही. म्हणजे नेहमीसारखाच.

३ जानेवारी १९५४

बारवीकडच्या पाड्यावरून धाकलू आणि त्याची बायको जिवली आलीत. कारवीचा कूड, वर शेणमातीचं लिंपण, छपराला कॅम्पातले पत्रे आणि पत्र्यांवर गवत, म्हणजे तापायचे नाहीत. हे मीच ठरवलं. दादाला म्हटलं, सहा फूट लांब हवं. "एवढं कशाला? कुदळ काय आडवी होऊन झोपायची आहे?"

पाला ओढायचा लांब दांड्याचा पंजा आहे, म्हटलं. नाहीये. आता घ्यावा लागेल.

९ जानेवारी

झालं! काय सुंदर वास येतोय लिंपणाचा. धाकलू दार बसवत होता. एक कडी बाहेरून लावली. दुसरी हातात घेऊन बघत बसला. म्हटलं, ती आतून.

"आतशी? बाय, कुदल-फावरा काय सोताच कडी लावनार हाय?"

जिवलीनं त्याला कोपरानं ढोसलं. "लाव ना गुमान. बाय सांगते ना."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. सारवत राहिली. तिला काय कळायचं ते कळलं असावं.

आता कुदळ, फावडं, खुरपी दोन, कातर, झारी, सुतळीचं बंडल. सगळं खुंट्यांवर. कोपऱ्यात शेणखताचं पोतं, त्यावर गोणपाट. बसायला छान होतं.

२ फेब्रुवारी

कावळा शिवला. दर महिन्याला बोळात कोळशाच्या पोत्यांशेजारी बसायचं, पातळं काळी करून घ्यायची. वहिनीला म्हटलं, मी खोपटात बसू का? "तुम्ही बसा हो. मला नाही जमायचं, विंचूकाटा निघेल." ती आपली बोळातच बसते तिच्या वेळेला.

पहिल्या दिवशी दुपारी आतून कडी लावली आणि एकदम रडू आलं. का कोण जाणे! कुणी काही बोललं नव्हतं. कुणी काहीच बोलत नाही हेच असेल. दादा "पद्मा, पाणी" म्हणतो, वहिनी "वन्सं, डाळ बघा" म्हणते. दिवस संपतो. बाहेरच्या दिवसांत मला शिवायचं नसतं म्हणे. एरवी तरी कोण शिवतं? शेवटचा हात कुणी लावला मला? आठवत नाही. बहुधा कासारणीनं, बांगड्या उतरवल्या तेव्हा.

झाडांना हात लावायला बंदी. बाहेरचीनं शिवलं तर मोगरा जळतो. अवजारांमध्ये बसून तीन दिवस नुसतं अवजारांकडे बघायचं. तरी सुख होतं.

१६ मार्च

खोटं बोलले. आज काही नव्हतंच. सकाळी उठून वहिनीला म्हटलं, मला शिवू नका. झालं, तीन दिवस माझे!

देवा, रागावू नकोस. सोवळं तुझं, खोपट माझं.

१९ मार्च

वहिनी म्हणाली, "या खेपेला लवकर आलं का हो?" म्हटलं, हो, उष्णता. सांभाळून राहायला हवं. म्हणजे तिचं लक्ष असतं की!

२२ एप्रिल

उद्या चैत्रातलं हळदीकुंकू. दरवर्षीचं ठरलेलं — डाळ वाटायला मी, पन्हं गाळायला मी, आणि बायका आल्या की मागच्या खोलीत दार लोटून बसायला मी. कुणी घालवून देत नाही. वहिनी फक्त "वन्सं..." म्हणते आणि थांबते. ते थांबणं नको वाटतं मला. त्यापेक्षा आपणच आधी गेलेलं बरं.

२३ एप्रिल, शुक्रवार

काय करून बसले! सकाळीच सांगून टाकलं, मी बाहेरची. वहिनीचा चेहरा उतरला. "आजच?" एवढंच म्हणाली. सगळं काम तिच्या अंगावर पडलं, हे मला नंतर सुचलं. मी आपली वळकटी घेऊन खोपटात.

आणि मग — सवय! परडी खुंटीवर दिसली, घेतली, मोगरा खुडला, ओंजळी-ओंजळीनं खुडला, परडी नेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवली आणि परत येऊन बसले. कडी लावताना डोक्यात आलं. बाहेरची ना मी! गौरीची फुलं!

कुडाच्या फटीतून बघितलं. वहिनी पायरीवर, परडी हातात. खोपटाकडे बघत होती. एक तर गौरीला विटाळाची फुलं, नाहीतर मी खोटारडी, दोहोंतलं एक. बराच वेळ उभी होती. मग फुलं घेऊन आत गेली.

दुपारी बायका परसात हात धुवायला आल्या. मी श्वास धरून. उमाबाईंचा आवाज — "मोगरा काय फुललाय! पण तुमच्या वन्सं बाहेर बसल्यात म्हणता, मग खुडला कुणी?"

वहिनी म्हणाली, "मीच."

मग दुसरी कुणीतरी, हळू, पण मला ऐकू येईल अशी — "दोन बायका घरात, आणि बारा वर्षांत पाळणा नाही हलला, काय बाई." वहिनी हसली. ते हसणं मी ओळखते. मीही तसंच हसते. आजवर तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं, किंवा ऐकलं असेल आणि मला माझ्यापुढे दुसरं काही दिसलं नसेल.

२४ एप्रिल

वहिनी बोलत नाही. ताट ठेवून जाते.

२८ एप्रिल

आज वहिनी बाहेरची. बोळात, पोत्यांशेजारी, भिंतीकडे तोंड करून. दर महिन्याला या दिवशी तिचे डोळे सुजलेले असतात. मी आजवर धुरानं समजत होते. किती मठ्ठ असावं माणसानं!

ताट सरकवलं. फुलांचं आता काढेल म्हणून वाट बघितली. नाही काढलं. म्हणाली, "खोपटात उकडत नाही का?"

"नाही. कारवीतून वारा येतो."

"बरंय."

७ मे

दादा जेवताना — "रविवारी कोळशाची गाडी येतेय, पावसाळ्याची बेगमी. या खेपेला बोळात नको, खोपटात भरू. मालिनीला बोळ मोकळा हवाय."

मालिनीला, म्हणजे वहिनीला! ती वाढत होती, मान वर केली नाही. म्हणजे तिनंच सुचवलं हे. चांगली शिक्षा शोधली. बोलावं काय मी? अवजारांचं खोपट, अवजारं बोळात राहतील. दादाचं काही चुकत नाही. मला तिथं बसायला हवं असतं हे कोणत्या तोंडानं सांगू?

८ मे

खुंट्यांवरून सगळं काढलं. झारी पुन्हा न्हाणीघरात. लिंपणावर जिवलीच्या बोटांचे फराटे आहेत अजून, ते बघत बसले. उद्यापासून काळे होतील.

फार एकटं वाटतं. लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगायचं?

९ मे, रविवार

गाडी फाटकात आली. मी शेवटचं गोणपाट उचलत होते तर वहिनी दारात, काखेत चटई. "सरका जरा, वन्सं." आत आली, रिकाम्या खुंट्यांकडे बघितलं, आणि चक्क माझा हात धरला. "शिवले. आता तुम्हीही बाहेरच्या." मग परसाकडे वळून मोठ्यानं — "अहो, आम्ही दोघी बाहेर बसलोय! कोळसा बोळातच टाकायला सांगा!"

दादा काय बोलणार? अशा गोष्टींत पुरुष बोलत नाहीत. पिठल्याला पाणी किती, एवढंच त्यानं लांबून विचारलं.

तिची पाळी तर दहा-बारा दिवसांपूर्वीच झाली. ताटं मीच दिली होती. हात तिनं सोडला नव्हता. दुसऱ्या हातानं आतून कडी तिनंच लावली.