टोपी कुणाची

आपण बेळगावाहून परवा येणार, पण पहिल्या बाळंतपणासाठी दादा मला न्यायला आजच आले. पुढे महिनाभर चांगला दिवस नाही म्हणतात. मेतकुटाची बरणी फडताळात पुढेच ठेवली आहे. काळजी करू नये, मला भीती वाटत नाही.

आपण नेमून दिलेला इंग्रजीचा धडा केला. घरातली कोणती वस्तू कुणाची, ते लिहायचे होते. सासूबाईंची जपमाळ, अंबूवन्संचा आरसा, सगळे झरझर लिहिले. आपल्या टोपीपाशी अडले. नवऱ्याचे नाव कधी तोंडाने घेतले नाही, ते हाताने कसे लिहावे? टांगा दारात आला तेव्हा धीर करून एकदाचे लिहिले.

वहीत ते पान शोधू नये. मी बरोबर नेले आहे.

शकुंतला