तीन पायांचं कुत्रं

मंगळवार, दिवेलागण

वाचनालयातून आणलेलं प्राण्यांच्या चालीवरचं पुस्तक आज संपवलं. एक पान दोनदा वाचलं. चार पायांच्या जनावराचा एक पाय गेला तरी टेकायला तीन उरतात. माणूस मात्र प्रत्येक पावलाला पडता पडता दुसऱ्या पायावर सावरतो. आणि तो दुसराच लुळा पडला तर?

यांच्या डाव्या अंगाला अर्धांगवायू झाल्यावर मी गल्लीतलं तीन पायांचं कुत्रं दाखवायचे. "बघा, वाळूजच्या बसमागं कसं पळतंय. तुमचेच लई नखरे."

हे हसायचे. "अगं, त्याला चार होते. मला दोनच मिळाले."

"बहाणे नकोत," म्हणायचे मी. शेवटपर्यंत म्हणत राहिले.

मघाशी यांच्या चपला माळ्यावरून खाली काढल्या. उजवी बरी आहे. डावीचं टोक फरशीवर घासून पार भोक पडलंय. माझ्यासमोर तर हे खुर्चीतून उठत नसत. मग मी कामावर गेल्यावरच चालून बघत असणार, एकटे. किती वेळा? आणि पडले असतील तेव्हा?

कुत्रं दारात येऊन बसलंय. भाकरी टाकायची आहे, पण मला उठवत नाही.