काल काय खाल्लीस?

मंगळवार, संध्याकाळ. मुरुड

आज पुन्हा डावा पाय बधिर. आईचा प्रश्न ठरलेला, "काल काय खाल्लीस गं?"

मला नसांचा हा एमएस आजार जडल्यापासून घरात तळण बंद, साखर बंद. बाबासुद्धा बिनफोडणीची भाजी मुकाट गिळतात. लातूरचे डॉक्टर म्हणाले होते, साध्या सकस खाण्यानं आतली सूज थोडी कमी होतही असेल, पण खात्री नाही, औषध सोडू नका. आईनं त्यातलं खाण्याचं तेवढं धरून ठेवलंय.

काल मी भाकरी अन् मेथीच खाल्ली. तरी पाय बधिर. हे तिला कसं सांगू? मग तिच्या हातात काय उरणार?

"शेजारी भजे खाल्ले," मी म्हणाले.

लई बोलली. मग हायसं वाटल्यासारखी उठली आणि भाकरी थापायला बसली.