फातिहाच्या आधी वाचायचं पुस्तक

आदरणीय लबीबमामांना अलेक्झांड्रियाहून भाचा शुक्री याचा सलाम.

आमच्या नाझलीचं लग्न मोडलेलं नाही, नुसतं अडलेलं आहे. मुलाच्या आईने, राजियाबाईंनी, काल स्वतः फोन करून तुमच्या भाचेसुनेला, सनिय्याला, तसं सांगितलं. तेव्हा तुमच्या दमनहूरपर्यंत याहून वाईट काही पोचलं असेल तर ते खोटं समजावं. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी आणि त्यांची बदकं सुखरूप असतील अशी आशा आहे. (गेल्या खेपेला ज्या बदकाने माझा मोजा खाल्ला, ते एव्हाना ताटात आलं असेल तर माझी तक्रार नाही.)

तुमच्या सांस्कृतिक भवनात दाखवायला पुस्तकांवरून, नाटकांवरून निघालेले चांगले सिनेमे सुचव, असं तुम्ही लिहिलंत. वर्तमानपत्रात सिनेमाचं पान चालवणारा भाचा दुसऱ्या कशाला असतो? पहिला घ्या ‘पाहुणा जेवून जाईल’. मूळ नाटक एका खोलीत घडतं आणि त्यात तीन बहिणी सतत दाराकडे बघत असतात. दिग्दर्शकाने ती खोली उचलून नाईलमधल्या होडीत नेली. होडीला दारच नसल्यामुळे बहिणी सबंध सिनेमाभर पाण्याकडे बघतात आणि समीक्षकांना ते फार खोल वाटतं. दुसरा ‘नवव्या मजल्यावरचे भाडेकरू’. कादंबरी जाडजूड आहे, पण निर्मात्याला चारमजली इमारतच मिळाली, म्हणून लिफ्ट कायम बिघडलेली दाखवली आहे. तरी बघा. म्हाताऱ्या भाडेकरणीचं काम करणारी बाई नुसता कांदा चिरते आणि आपण रडतो.

तिसरा ‘मिठागराची वाट’. यानेच माझा घात केला.

झालं असं, की नाझलीने पसंत केलेला हातिम हा त्या कादंबरीच्या लेखकाचा, उस्ताद बहगत यांचा मुलगा निघाला. गेल्या शुक्रवारी ते तिघे फातिहा वाचायला, म्हणजे तळहात पसरून, मान खाली घालून ती प्रार्थना म्हणून लग्न पक्कं करायला आमच्याकडे आले. सनिय्याने नाझलीकडून गुलाबाचं शरबत करवून ठेवलं होतं. ते ओतायला आणि फातिहा संपताच आनंदाची किलकारी द्यायला खालच्या मजल्यावरची उम्म साबिर स्वयंपाकघरात सज्ज होती. (तिची किलकारी बंदरातल्या बोटींना ऐकू जाते.) मला वाटलं, व्याह्यांना जरा खूश करावं. दर ईदला टीव्हीवर हा सिनेमा मी बघतोच. म्हटलं, “उस्ताद, शेवटची ती लग्नाची वरात! तुमच्याशिवाय कुणाला सुचली नसती.”

उस्तादांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

“कुठली वरात? माझ्या पुस्तकात लग्न नाही. माझ्या पुस्तकात मयत आहे.”

“मयतसुद्धा छानच असेल हो,” सनिय्या म्हणाली.

मी घाईघाईने गाढवाकडे वळलो. ते मालकाच्या पगडीवर बसतं ना, ते. तर ते गाढव निर्मात्याच्या मेव्हण्याचं निघालं, उस्तादांचं नव्हे. मग गच्चीवर गाणाऱ्या काकाचं कौतुक केलं, तर पुस्तकात गच्ची नाही आणि काकाही नाही. माझ्या तोंडून निघेल ती प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी होती. शेवटी बैठकीत अशी शांतता पसरली की सगळे माना खाली घालून आपापल्या तळहातांकडे बघत बसले.

आता मामा, स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून बघणाऱ्याला हे दृश्य कशाचं वाटेल? फातिहाचंच. उम्म साबिरने किलकारी दिली. एक नाही, तीन. वरच्या मजल्यावरून उत्तर आलं, समोरच्या बाल्कनीतून आलं, दृष्ट लागू नये म्हणून कुणीतरी मिठाच्या मुठी उधळल्या. शरबताचा ट्रे नाचवत ती बाहेर आली आणि तिने पहिला ग्लास उस्तादांच्याच हातात दिला.

“मुबारक हो, उस्ताद! सुनेच्या हाताला गोडी आहे बघा.”

उस्ताद सभ्य माणूस आहे. शरबत प्यायले, उभे राहिले आणि म्हणाले, “शुक्रीभाऊ, फातिहाच्या आधी माझं पुस्तक वाचा. गुरुवारी येतो. त्यावर बोलू, मग पुढचं ठरवू.”

त्या दिवसापासून सबंध गल्ली माझं अभिनंदन करते आहे आणि नाझली माझ्याशी बोलत नाही. बोलली ते एवढंच, “बाबा, तुम्ही माझं लग्न त्या सिनेमात लावून आलात.” पोरीचं चुकलं नाही. तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही, म्हणून मी दिवसभर नबी दानियाल रस्त्यावरची जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालत होतो. एका दुकानदाराने विचारलं, “त्या सिनेमाचं पुस्तकही आहे?” (हे वाक्य उस्तादांच्या कानावर जाऊ नये.)

मामींना सलाम, बदकांना योग्य तो निरोप.

तुमचा
शुक्री

ता. क. सिनेमे केव्हाही दाखवा. खरं काम असं, की तुमच्या भवनाच्या ग्रंथालयात ‘मिठागराची वाट’ नक्की असणार. उद्याच्या गाडीने कुणाच्या तरी हाती पाठवा.

ता. क. २. सबंध वाचून होईल असं वाटत नाही. कोण मरतो, कुठे आणि कशाने, एवढं तुम्हीच वाचून फोनवर सांगितलंत तरी चालेल. वर शिफारस केलेल्या बाकीच्या दोन सिनेमांच्या पुस्तकांविषयीही तसंच.

ता. क. ३. राजियाबाईंनी सनिय्याला आणखी एक सांगितलं, कुणाला बोलू नका. दर ईदला उस्तादही तो सिनेमा लावतात. वरात आली की डोळे पुसतात आणि म्हणतात, “इथे तरी वाचला बिचारा.” गुरुवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर ते येतील. मी मयतीविषयी गंभीरपणे बोलेन, ते मान हलवतील. वरातीचं आम्ही दोघे फातिहा झाल्यावर बोलू. उम्म साबिरला या खेपेला माझ्या शेजारीच बसवणार आहोत, आणि मी कोपराने ढोसल्याशिवाय ती तोंड उघडणार नाही.